कंसातलं पोटॅशियम

पत्र :

मॅडम, नमस्कार.

मी २७ वर्षांचा आहे. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून पाच वर्षं झाली, तालुक्याच्या गावातल्या एका लॅबमध्ये काम करतो. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, पण मशीनसमोर दिवसभर मी असतो आणि रिपोर्ट मीच सोडतो. गेले सहा-सात महिने रात्री झोपण्याआधी तत्त्वज्ञानाचे व्हिडिओ बघायची सवय लागलीय. मेंदू कवटीच्या अंधारात बसलाय, त्याला बाहेरचं जग थेट कधीच दिसत नाही; गोडेलने गणितसुद्धा अपुरं असल्याचं सिद्ध केलं; हायझेनबर्गने विज्ञानाची खात्रीच संपवली; असं बरंच काही. माणसाला खरं असं काही कळूच शकत नाही, हे मला आता मनापासून पटलंय. परिणाम असा, की रिपोर्ट सोडायला हात धजत नाही. एकेक टेस्ट तीन-तीनदा लावतो. पेशंट खोळंबतात, डॉक्टर चिडतात, रीएजंट जास्त लागतं म्हणून मालक बोलतात. (मध्यंतरी एका आजोबांचं पोटॅशियम ६.८, म्हणजे धोक्याइतकं जास्त, आलं होतं. त्यांना रात्रीतून जिल्ह्याच्या गावी हलवलं, तिथे ४.४ निघालं. पण तो विषय वेगळा.) बायको म्हणते नोकरी बदल. माझा प्रश्न एवढाच : जे मुळात कळूच शकत नाही, ते छापून देणं हा खोटेपणा नाही का? मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.

— खोळंबलेला

उत्तर :

प्रिय खोळंबलेला,

अरे-तुरेच करते. ३१ वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलंय, तुझ्या वयाच्या मुलाला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसापाशी अडले. पेपर तपासताना माझं असंच व्हायचं. पोरांनी चार पानं भरून लिहिलेलं असायचं आणि खरं उत्तर समासात पेन्सिलीने खरडलेलं सापडायचं. तुझं कंसात आहे, आणि वर 'तो विषय वेगळा' असं कुलूपही लावलंयस.

माझी भाची सांगलीला लॅब चालवते. तुझ्याबद्दल काहीही न सांगता तिला फक्त आकडे सांगितले, ६.८ आणि ४.४. तिने विचारलं, "सिरम (रक्त गोठल्यावर वर उरतं ते पाणी) कसल्या रंगाचं होतं?" आणि लगेच, "कॅल्शियम किती होतं?" मला दोन्हींतलं काही कळलं नाही, म्हणून तिने समजावलं. तुला हे पाठ असणार, तरी लिहिते, कारण तुझ्या पत्रात ते कुठेच आलं नाही.

तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. शीर नीट सापडली नाही, सुई बारीक निघाली, सिरिंजमधलं रक्त घाईने दाबून बल्बमध्ये, म्हणजे रक्ताच्या नळीत, सोडलं, की पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम सिरममध्ये उतरतं. पिवळसर असायला हवं ते सिरम गुलाबी दिसतं, कधी लालच. म्हणजे आजोबांच्या अंगात ४.४ होतं आणि तुझ्या बल्बमध्ये खरोखरच ६.८. मशीनने जे समोर ठेवलं ते मोजलं. दुसरी शक्यता अशी, की कुणीतरी जांभळ्या झाकणाच्या बल्बमधलं रक्त लाल झाकणाच्या बल्बमध्ये ओतलं. जांभळ्या बल्बात रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीएमध्ये पोटॅशियमच असतं, त्यामुळे तो आकडा चढतो आणि त्याच वेळी कॅल्शियम दणकन खाली येतं. म्हणून भाचीचा दुसरा प्रश्न.

आता बघ. त्या रात्रीच्या चुकीला कवटीतला अंधार कारण नाही, गोडेलही नाही. बल्ब उजेडात धरला असता तर ती बहुधा डोळ्यांना दिसली असती. आणि मला सगळ्यात वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं : तेव्हापासून तू एकच टेस्ट तीनदा लावतोयस. पेशी फुटलेलं तेच सिरम तीनदा लावलंस तर तीनदा ६.८ च्या आसपासच येणार! ज्या भीतीने हा नेम धरलास, ती चूक या नेमाने पकडलीच गेली नसती. सगळ्या जगावर संशय घेण्याच्या नादात त्या एका बल्बवर घ्यायचा संशय राहून गेला.

असं म्हटलं म्हणून तुझा मोठा प्रश्न मी उडवून लावत नाहीये. तो जुना आहे आणि खरा आहे. आपल्याकडे तो डोंगरावरच्या धुराच्या निमित्ताने लढवला गेला. धूर दिसला की तिथे विस्तव असणार, हे अनुमान. त्याला आधार काय, तर जिथे जिथे धूर तिथे तिथे विस्तव, ही व्याप्ती. डोळ्यांना दिसेल तेवढंच मानणाऱ्या चार्वाकांचा सवाल असा, की ही 'जिथे जिथे' तू पाहिलीस कधी? उद्याचा धूर पाहिलास? डोंगरापलीकडचा पाहिलास? चुलीसमोर चार वेळा बसलास आणि सगळ्या काळाचा, सगळ्या जगाचा नियम करून मोकळा झालास. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात हाच काटा युरोपच्या पायात रुतवला, तो अजून निघालेला नाही.

नैयायिकांकडून, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांकडून, उदयनाचार्यांनी उत्तर दिलं : शंका धाव घेते ती व्याघातापर्यंतच. व्याघात म्हणजे आपल्याच वागण्याने आपलंच बोलणं खोडलं जाणं. तिथे पोचली की शंका थांबते. बाराव्या शतकात श्रीहर्ष आला. त्याने उदयनाचाच श्लोक घेतला, चार-दोन शब्द फिरवले आणि तोच उलटा त्यांच्या अंगावर टाकला : व्याघात म्हणताय, पण व्याघात आहे तिथे शंका आधीच हजर आहे, मग ती थांबली कुठे? पुढे मिथिलेच्या गंगेशाने त्याला उत्तर दिलं. अरे, धूर हवा तेव्हा तू विस्तवच शोधतोस ना? भूक लागली की ताटावरच बसतोस ना? दुसऱ्याला कळावं म्हणून शब्दच वापरतोस ना?

तू मला मराठीत पत्र लिहिलंस, मॅडमना ते कळेल असं धरून चाललास आणि आता उत्तराची वाट बघतोयस. गंगेश म्हणतो तो माणूस तूच.

माझं मत विचारशील तर मी श्रीहर्षाला हरलेला मानत नाही. विस्तव शोधायला जाणं वेगळं आणि धूर-विस्तवाचं नातं सिद्ध होणं वेगळं. ती फट गंगेशालाही पूर्ण बुजवता आली नाही. वर्गात या जागी मी नेहमी अर्धा तास जास्त घालवायची आणि अभ्यासक्रम मागे पडायचा. पण गंगेशाने दाखवलेली एक गोष्ट पक्की आहे : कुठल्याही कामाला न लागणारी, कशावरही न बेतलेली शंका माणूस फक्त बोलतो, जगत नाही. खरा संशय कशावरून तरी येतो. लांबून उभं काहीतरी दिसलं, खुंट की माणूस? उंची दोघांची सारखी, म्हणून संशय. सिरम गुलाबी दिसलं, म्हणून संशय. 'सगळंच खोटं असेल' याला असा कुठला धागा आहे?

श्रीहर्षाचं एक उदाहरण तर तुझ्या धंद्यालाच लागू पडतं. एकाने मुठीत कवड्या धरल्या आणि विचारलं, किती? दुसऱ्याने ठोकून दिलं, पाच. मूठ उघडली तर पाचच. त्याचं बोलणं खरं ठरलं, पण त्याला 'माहीत होतं' म्हणशील का? सकाळी कंट्रोल (आकडा आधीच ठाऊक असलेलं सॅम्पल) न लावता मशीनने दिलेलं ४.२ आणि कंट्रोल लावून, बल्ब बघून, नाव-नंबर ताडून दिलेलं ४.२, आकडा एकच. पहिला म्हणजे मुठीतल्या कवड्या. तू खोटेपणाबद्दल विचारतोस ना? कवड्या सांगून त्याला रिपोर्ट म्हणणं हा खोटेपणा. दुसरा आकडा चुकू शकतो, पण तो खोटेपणा नाही.

आता ते व्हिडिओ. कवटीच्या अंधाराचं काय सांगावं! मेंदू कवटीत असतो, तिथे अंधार असतो, नसांमधून त्याला निरोप येतात, हे आपल्याला कळलं कसं? कवटी उघडून, डोळ्यांनी बघून, हातांनी चिरून. ज्या डोळ्यांच्या भरवशावर ही माहिती उभी आहे, त्याच डोळ्यांवर तिच्या जोरावर अविश्वास दाखवायचा, म्हणजे ज्या फांदीवर बसायचं तीच तोडायची.

गोडेलची गोष्ट मात्र सुंदर आहे आणि ती अर्धीच सांगतात. जागा कोनिग्सबर्ग, हल्लीचं रशियातलं कालिनिनग्राड. हे कांटचं गाव. वस्तू आपल्याला जशी दिसते तशीच आपण जाणतो, ती मुळात कशी आहे ते जाणू शकत नाही, असं १७८१ मध्ये लिहिणारा तो कांट. ७ सप्टेंबर १९३० ला तिथल्या एका परिषदेत, शेवटच्या दिवशीच्या चर्चेत, २४ वर्षांच्या कुर्ट गोडेलने जाता जाता आपला निष्कर्ष सांगितला. दुसऱ्याच दिवशी त्याच गावात ६८ वर्षांचे गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट भाषणाला उभे राहिले. त्यांना जुनं उट्टं काढायचं होतं. १८७२ मध्ये दु ब्वा-रेमों नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने जाहीर केलं होतं, की पदार्थ आणि बल म्हणजे मुळात काय, आणि जाणीव कुठून येते, हे आपल्याला माहीत नाही आणि कधी होणारही नाही. हिल्बर्टनी ठणकावलं : आपल्याला जाणलंच पाहिजे, आपण जाणूच! गोटिंगेनला त्यांच्या थडग्यावर हेच शब्द कोरलेत. आणि आदल्याच दिवशी तो पोरगा सांगून गेला होता, की अंकगणिताला पुरेल इतकी कुठलीही विसंगतीमुक्त नियमावली घ्या, तिच्यात अशी विधानं राहतातच जी त्या नियमावलीतून सिद्धही होत नाहीत आणि खोडताही येत नाहीत.

यातून दोन अधिक दोन चारला धक्का लागत नाही. कुठल्या प्रकारची नियमावली, कुठल्या अटी, कुठलं विधान, हे सगळं गोडेलने नेमकं सांगितलं आणि मुख्य म्हणजे सिद्ध केलं. 'काहीच कळू शकत नाही' हे खरं असतं तर हेही कळलं नसतं. हायझेनबर्गचं १९२७ मधलं सूत्रही तसंच, कणाचं स्थान आणि संवेग एकाच वेळी किती नेमके असू शकतात याची काटेकोर मर्यादा. तुझ्या बल्बातल्या पोटॅशियमच्या पहिल्या दशांशाचं त्याने काहीही बिघडत नाही.

'हे कधीच कळणार नाही' असं म्हणणाऱ्यांचीही कधी कधी फजिती होते. ऑगस्त कोंत हा फ्रेंच तत्त्वज्ञ, १८३५ च्या सुमारास त्याने लिहिलं की ताऱ्यांची अंतरं, आकार वगैरे कळतील, पण ते कशाचे बनलेत हे कुठल्याही उपायाने कळणार नाही. १८५७ मध्ये तो गेला. त्यानंतर दोनच वर्षांत किरशॉफ आणि बुन्सेन यांनी प्रकाशाच्या पट्ट्यातल्या रेषांवरून मूलद्रव्यं ओळखायची रीत बसवायला घेतली. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्या देशातून दिसलं. गुंटूरला जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमधल्या तेजस्वी रेषा पाहिल्या आणि लक्षात आलं की ग्रहण नसतानाही त्या बघता येतील. ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकियर या खगोलशास्त्रज्ञाने त्या पाहिल्या. त्यांतली पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या द्रव्याशी जुळेना, म्हणून सूर्यावरून नाव पडलं हेलियम. पृथ्वीवर ते रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती लागलं १८९५ मध्ये.

इथे माझी एक कबुली. लॉकियरने हेलियम आपल्या विजयदुर्गावरून शोधलं, असं मी कित्येक वर्षं वर्गात सांगायची. सहलीला नेलेल्या मुलांना किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवून, इथे उभा होता बघा, असं हात करून सांगितलंय. तिथे हेलियम दिनही साजरा होतो, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. एका मुलीने पुढच्या वर्षी येऊन सांगितलं, मॅडम, तो त्या वर्षी भारतात आलाच नव्हता, तो आला १८७१ च्या ग्रहणाला, केरळात बेकलच्या किल्ल्यावर. तपासलं तर तिचंच खरं. शब्दप्रमाणावर, म्हणजे कुणाच्या सांगण्यावर कधी विश्वास ठेवावा यावर, तासभर व्याख्यान देणारी बाई ऐकीव गोष्टीवर विसंबून फसली होती. लाज वाटली. पण त्यावरून मी 'इतिहास कळूच शकत नाही' असा सिद्धांत काढला नाही. पुढच्या तुकडीला आधी आपली चूक सांगितली आणि मग हेलियम.

मर्यादा नाहीतच, असं समजू नकोस. दु ब्वा-रेमोंचा दुसरा मुद्दा, जाणिवेचा, अजून तसाच उभा आहे. त्या रात्री गाडीत मागच्या सीटवर आडवं केलेल्या आजोबांच्या मनात काय चाललं होतं, ते कुठल्या मशीनवर येणार नाही. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त शेवटी म्हणतं की ही सृष्टी कुठून आली हे वरून बघणाऱ्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही ठाऊक नसेल. माउलींनी अमृतानुभवात अज्ञानाचं खंडन केलं आणि लगेच पुढच्या प्रकरणात ज्ञानाचंही. अशा ठिकाणी गप्प बसावंसं वाटतं, मलाही. फक्त ते बोलणं पोटॅशियमबद्दल नाही.

तुझ्या कामातल्या मर्यादा वेगळ्या आहेत आणि त्या तुझ्याच भिंतीवर टांगलेल्या आहेत. भाचीने मला तिच्या कंट्रोलच्या तक्त्याचा फोटो पाठवला. मधे सरासरीची रेघ, वर-खाली दोन-दोन रेघा, रोज सकाळचा एक ठिपका. ठिपके रेघेवर कधीच बसत नाहीत, तिच्या आजूबाजूला नाचतात. जानेवारीत एक ठिपका सगळ्यात वरच्या रेघेच्याही बाहेर गेलाय, त्याला लाल गोल आणि शेजारी बॉलपेनने बारीक अक्षरात : 'नवीन बाटली, पुन्हा कॅलिब्रेशन, मग सोडले'. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले. आपलं किती चुकू शकतं हे रोज मोजणारा माणूस मला कुठल्याही व्हिडिओवाल्यापेक्षा जास्त गंभीर वाटतो.

आणि रिपोर्टवरची ती नॉर्मल रेंज. बहुतेक टेस्टमध्ये ती निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे धडधाकट माणसाच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या, तर निदान एक तरी रेंजबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. हे तू शिकला आहेस, डॉक्टरही शिकलेत. हे सगळं धरूनच ४.२ छापायचं असतं. त्या आकड्याचा अर्थ 'ब्रह्मदेवाला दिसणारं सत्य' असा कुणीही घेत नाही, डॉक्टर तर नाहीच.

नोकरी बदलू नकोस, निदान या कारणासाठी तरी नको. आधी डॉक्टरांकडे जा आणि आजोबांचा विषय काढ. त्या दिवशी रक्त कोणी घेतलं, किती वाजता, सिरम कसं दिसत होतं, आठवेल तेवढं सांग. चिडले तर चिडू देत. तिसऱ्यांदा टेस्ट लावण्यावर चिडतात त्यापेक्षा यावर चिडलेले बरे. आजोबांच्या घरी कुणी काही सांगितलंय का, तेही विचार. नसेल तर काय आणि कोणी सांगायचं ते डॉक्टरांना ठरवू दे, पण विषय तू काढ. मग तीनदा लावणं बंद. त्याऐवजी आकडा भलताच आला की बल्ब खिडकीकडे धरून बघायचा, कॅल्शियम बघायचं, आणि शंका आली तर नवीन सॅम्पल मागवायचं. डॉक्टरांना फोन तेव्हाच करायचा, सॅम्पलबद्दलची शंका बोलून दाखवायची. ६.८ खरंही असू शकतं आणि खरं असेल तर वाट बघायला वेळ नसतो. हे रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, म्हणजे तू सुटीवर असशील तेव्हा दुसऱ्यालाही उपयोग होईल.

व्हिडिओ बघ, पण रात्री अकरानंतर नको. त्या वेळी मलासुद्धा चार्वाक बरोबर वाटतो. बायकोला कंसातली गोष्ट सांगितलीयस की नाही, कोण जाणे. नसशील तर आज सांग.

पुढच्या पत्रात गोडेलवर भांडायचं असेल तर खुशाल भांड, मला आवडेल. पण आधी जुनं रजिस्टर काढून त्या दिवशीचं कॅल्शियम किती होतं, ते कळव. भाची दोनदा विचारून गेलीय.